डेकमध्ये अडकलेल्या लोखंडी खुंट्या: कुठली ओढायची, कुठली कापायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कर्जतजवळच्या फार्महाउसला २० बाय १० फुटांचा स्विमिंग पूल बांधलात. भोवतीचा चार फुटी डेक, म्हणजे चालायचा काँक्रीटचा पट्टा, तीन बाजूंनी शनिवारी ओतला, पंपरूमचं काम अडल्यामुळे चौथी बाजू बाकी आहे. सेंट्रिंगवाल्याने रविवारी फळ्या सोडवल्या, फळ्या धरायला ठोकलेल्या खुंट्यांपैकी हाताला आल्या तेवढ्या नेल्या आणि अकरा खुंट्या 'नंतर बघू' म्हणून तशाच ठेवून गेला. आता फोन उचलत नाही. खुंट्या १२ एमएम सळईचे तुकडे आहेत. सहा डेकच्या बाहेरच्या कडेला चिकटलेल्या, पाच सरळ स्लॅबमधून वर आलेल्या. तुम्ही घण मारून पाहिला, तर एका ठिकाणी कडेचा टवका उडाला. शेजारच्या प्लॉटवरचा जेसीबीवाला म्हणतो, साखळी लावून पाच मिनिटांत ओढून देतो. बोलवू का?

नका बोलवू. साताठ टनांचं ते धूड पुलाच्या भिंतीलगत उभं राहिलं की त्याचं वजन मातीतून आडवं होऊन भिंतीवर येतं, आणि पूल रिकामा असेल तर भिंतीला आतून पाण्याचा टेकाही नसतो. शिवाय बकेटला साखळी बांधून ओढलेली खुंटी सरळ वर येत नाही. तिरकी येते, आणि येताना कड घेऊन येते.

त्याहून मोठं कारण हिशेबाचं आहे, तो एकदा करून पाहा. तुमचा स्लॅब ४ इंची, म्हणजे १०० मिमी जाड. त्यातून १२ एमएमची टीएमटी सळई आरपार गेली असेल तर तिचा परीघ सुमारे ३७.७ मिमी आणि काँक्रीटला चिकटलेला पृष्ठभाग सुमारे ३,७७० चौ. मिमी. एम२० दर्जाच्या काँक्रीटमध्ये साध्या गोल सळईची पकड आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे १.२ न्यूटन प्रति चौ. मिमी धरतात. टीएमटीला अंगावर धारा असतात म्हणून त्यात ६० टक्के वाढ, म्हणजे १.९२. गुणाकार केलात की ओढ येते साधारण ७४० किलो. हा डिझाइनचा, हात राखून धरलेला आकडा आहे. पुरतं पिकलेलं काँक्रीट त्याहून जास्त धरून ठेवतं. आता डेकचं वजन घ्या. १०० मिमी जाडीचं काँक्रीट एका चौरस मीटरला २४० किलोंच्या आसपास भरतं. म्हणजे बाहेरून ७४० किलोंची ओढ दिलीत तर खुंटी सुटायच्या आधी तीन चौरस मीटर डेक उचलला जाऊ पाहील. तो अख्खा उचलला जात नाही, मध्येच तडकतो. जेसीबीला एवढी ओढ किरकोळ आहे, म्हणूनच तो नको.

म्हणून पहिला प्रश्न 'कशाने ओढू' हा नाहीच. खुंटी कोणी धरून ठेवली आहे, मातीने की काँक्रीटने, ते आधी ठरवा. मातीने धरली असेल तर काढा. काँक्रीटने धरली असेल तर बहुतेक वेळा कापा. सळईचा दोन फुटी तुकडा भंगारात काही रुपयांना जातो, आणि डेकची कड एकदा फुटली की कितीही चांगला मिस्त्री आणला तरी सांधा दिसायचा तो दिसतोच.

बाहेरच्या कडेच्या सहांपासून सुरुवात करू. खुरपं घ्या आणि प्रत्येक खुंटीच्या बुडाशी सहा इंच माती मोकळी करा. बऱ्याच ठिकाणी एक गोष्ट सापडेल: फळी आणि जमीन यांच्या फटीतून माल खाली गळलेला असतो आणि खुंटीभोवती मुठीएवढा गड्डा धरून बसलेला असतो. वरून बघणाऱ्याला वाटतं खुंटी स्लॅबला चिकटली आहे. प्रत्यक्षात स्लॅबच्या कडेत आणि खुंटीत बोटभर फट असते, आणि सगळी पकड त्या खालच्या गड्ड्याची असते. हा गळका माल कमजोर असतो, कारण त्यात सिमेंटचं पाणी जास्त आणि खडी जवळजवळ नाही. छन्नी खुंटीच्या डेकविरुद्ध बाजूला लावून दोन-चार हलके ठोके दिलेत की तो कपच्यांनी निघतो. छन्नी डेककडे तोंड करून कधी चालवू नका. तुमचा टवका असाच उडाला असणार: घण डेकच्या दिशेने बसला, आणि चार दिवसांच्या काँक्रीटची कड म्हणजे सगळ्यात कच्ची जागा.

इथेच वयाचं सांगून टाकतो. ढोबळ हिशेबाने काँक्रीट तिसऱ्या दिवशी २८ दिवसांच्या ताकदीच्या ४० टक्के आणि सातव्या दिवशी ६५ टक्क्यांच्या आसपास येतं. आपल्याकडे सर्रास पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट वापरतात, ते सुरुवातीला आणखी सावकाश पिकतं. आयएस ४५६ उभं शटरिंग १६ ते २४ तासांत सोडायला परवानगी देतो. त्याच वेळी खुंट्या निघाल्या असत्या तर हा प्रश्नच आला नसता. आता ती वेळ गेली. तेव्हा ज्या खुंट्या फक्त मातीत आहेत त्या आजही काढा, पण ज्या थेट स्लॅबच्या काँक्रीटला चिकटल्या आहेत त्यांना निदान दहा दिवस हात लावू नका. तोवर डेकवर गोणपाट टाकून पाणी मारत राहा. पीपीसीला तसंही दहा दिवस पाणी मारायलाच हवं.

मातीतली खुंटी काढायची म्हणजे आधी फिरवायची, मग उचलायची. १८ इंची पाइप पाना खुंटीला जमिनीपासून वीतभर वर लावा आणि पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे असं करत राहा. टीएमटीच्या धारांवर पान्याचे दात छान बसतात. कर्जत भागात डेकखाली मुरुमाचा भराव आणि त्यावर दगडी सोलिंग असतं, आणि बाहेरची खुंटीही त्या सोलिंगच्या दोन दगडांमध्ये शिरून बसलेली असते. कधी कधी ती आत वाकलेलीही असते. अशी खुंटी सरळ ओढून हलत नाही, फिरवली की वाकडा भाग दगडांमधून वाट काढतो. फिरवताना पहिल्यांदा जो 'कच्' असा आवाज येतो आणि पाना एकदम हलका होतो, तिथे पकड सुटलेली असते. त्याआधी वर ओढण्यात दम घालवू नका.

फिरतच नसेल तर माथ्यावर खाली दोन ठोके द्या. उलटं वाटेल, पण बाहेर काढायची वस्तू आधी दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत ढकलली की चिकटलेला मुरूम मोडतो. रोटरी हॅमर असेल तर आणखी सोपं. ड्रिल बंद ठेवून नुसता हॅमर चालू करा आणि बोथट छन्नी खुंटीच्या माथ्यावर अर्धा मिनिट धरा. त्या थरथराटाने जे होतं ते घणाच्या वीस ठोक्यांनी होत नाही, आणि कडेला धक्काही लागत नाही. बुडाशी पाणी ओतायचा सल्ला बरेच जण देतात. मुरुमात एखादी बादली ओतून रात्रभर मुरू द्यायला हरकत नाही. नळी सोडून ठेवू नका, डेकखालचा भराव बसला तर पुढच्या पावसाळ्यात डेकला भेग पडेल. काळ्या मातीत पाण्याचा उलटा परिणाम होतो, ती फुगते आणि खुंटी आणखी आवळते. तिथे माती पूर्ण सुकू द्यावी, ती आपण होऊन खुंटीपासून सुटते.

पकड सुटली की उचलायला साखळी आणि पहार पुरे. साखळीचा फास खुंटीला जमिनीलगत टाका, फासात पहार अडकवा आणि पहारीखाली लाकडी ठोकळा ठेवा, बाहेरच्या बाजूला. ठोकळा डेकवर ठेवलात तर सगळा भार कडेवर येतो, म्हणून ते टाळा. पहार दाबली की फास टीएमटीच्या धारांवर आवळतो आणि खुंटी इंच इंच वर येते. ठोकळा उंच करत जा. गुळगुळीत सळई असेल तर फास घसरतो, तिथे पाना लावून त्याखाली फास अडकवा. बाहेरच्या सहापैकी ज्या फक्त मातीत आहेत त्या एवढ्याने निघाव्यात.

ज्या एक-दोघी खरोखर कडेत रुतलेल्या निघतील, म्हणजे सळईचा अर्धा व्यास स्लॅबच्या अंगात आणि अर्धा बाहेर, त्यांना दहा दिवसांनंतर डेकच्या कडेला समांतर ठोका. बाहेरही नाही, आतही नाही, कडेच्या रेषेत. सळई अर्धवटच धरलेली असल्याने ती साच्यातून सुटावी तशी सोलून निघते आणि मागे अर्धगोल पन्हळ राहते, ती मोर्टारने भरता येते. न निघाल्यास जमिनीखाली कापा आणि वरचा भाग ग्राइंडरने कडेच्या पातळीत आणा. पण मग तिथे लोखंड उघडं राहतं, म्हणून ही दुय्यम पसंती.

आता आतल्या पाच. यांच्याबाबत माझं मत पक्कं आहे: ओढू नका. मात्र कापायच्या आधी थोडी चौकशी करा, कारण स्लॅबमधून वर आलेली प्रत्येक सळई खुंटी असतेच असं नाही. पुढच्या टप्प्याला जोडायला सोडलेली डॉवेल असू शकते, शिडीच्या रेलिंगचा अँकर असू शकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुलाच्या अर्थिंगचं टोक असू शकतं. पाण्यातल्या दिव्यांसाठी आणि रेलिंगसाठी सगळं धातूकाम एकमेकांशी तारेने जोडून ठेवतात, म्हणजे ओल्या माणसाने एका वेळी दोन धातूंना हात लावला तरी त्यांच्यात व्होल्टेजचा फरक नसतो. अशी सळई चुकून कापलीत तर वरून काहीच कळणार नाही, आणि ज्या दिवशी कळेल तो दिवस वाईट असेल. इलेक्ट्रिशियनला पाचही दाखवा. सळईला पट्टी किंवा तांब्याची तार लावलेली दिसली तर तिला हात लावू नका.

दुसरी चौकशी पायपांची. पंपाकडे जाणारी लाइन बहुधा याच डेकखालून गेलेली असते. खुंटी ठोकताना ती पायपात घुसली असेल तर आज तीच भोकाला बूच बनून बसली आहे. म्हणून पायपांना प्रेशर लावा आणि काटा अर्धा तास जागेवर राहतो का ते पाहा. कुठलीही खुंटी काढल्यावर किंवा कापल्यावर हीच चाचणी पुन्हा करा. पूल भरून, टाइल लावून झाल्यावर गळती शोधणं म्हणजे डेक फोडणंच.

कापायची पद्धत अशी. खुंटीभोवती तीन इंच बाय तीन इंचांचा चौकोन आखा. डायमंड ब्लेडने त्या रेषांवर सुमारे १० मिमी खोल काप घ्या, म्हणजे कडा सरळ उभ्या येतील. मग लहान छन्नीने किंवा हलक्या हॅमरने आतलं काँक्रीट ४० मिमी खोलीपर्यंत काढा. घाईत लोक खुंटी वरच्या पातळीत कापून वर सिमेंटचा हात फिरवतात. तो हात दोन पावसाळेही टिकत नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, आणि वरचा पातळ पापुद्रा उचलून फेकतो. उरतं काय, तर अनवाणी पायाच्या वाटेत एक धारदार लाल ठिपका. पुलाच्या पाण्यात क्लोरीन, आणि तुम्ही मिठावर चालणारा क्लोरिनेटर बसवणार असाल तर पाण्यात ३,००० ते ४,००० पीपीएम मीठ. ते पाणी रोज डेकवर उडणार. म्हणून ४० मिमी. समुद्राजवळ, अलिबाग-गुहागरकडे, मी ५०च्या खाली समाधान मानत नाही, पण तिथे स्लॅबही जाड हवा.

खड्ड्याच्या तळाशी सळई ग्राइंडरने कापा. ४ इंची ग्राइंडरचं तोंड तीन इंची खड्ड्यात नीट बसत नाही, म्हणून एका बाजूने खड्डा थोडा उतरता करावा लागतो. काही जण छोटी डायग्राइंडर वापरतात, तीही चालते. चष्मा हवाच, आणि चाकावरचं गार्ड काढून काम करणाऱ्या माणसाला कामावर ठेवू नका. पुलाशेजारी विजेची अवजारं ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीवरूनच (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) चालवा, बॅटरीची असली तर आणखी बरं.

ठिणग्यांचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. सळई कापताना उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण असतात. ते ताज्या काँक्रीटवर आणि टाइलच्या ग्लेझवर जाऊन रुततात. त्या दिवशी काही दिसत नाही. पहिल्या पावसानंतर डेकवर तांबूस ठिपक्यांचा पुरळ उठतो आणि मालक सिमेंटला दोष देतो. पुलाला आतून विनाइल लायनर (प्लास्टिकचं अस्तर) असेल तर त्याला सरळ भोकंच पडतात. कापताना भोवती ओलं गोणपाट पसरा, पुलाच्या बाजूला प्लायचा तुकडा उभा धरा आणि काम झाल्यावर झाडून, धुऊन घ्या.

कापलेलं टोक वायर ब्रशने घासून त्यावर झिंक-रिच प्रायमर लावा. रेडऑक्साइड इथे नुसती रंगरंगोटी आहे. प्रायमर वाळला की खड्डा पाण्याने चिंब करा आणि साचलेलं पाणी टिपून घ्या: आतून ओला, वरून कोरडा अशी अवस्था हवी. मग नॉन-श्रिंक ग्राउट किंवा पॉलिमर मोर्टार दोन थरांत दाबून भरा. नुसतं सिमेंट-पाणी कालवून भरू नका, ते आकसतं आणि चौकोनाच्या चारी बाजूंनी केसासारखी भेग येते. भरल्यावर तीन-चार दिवस तेवढ्या जागेवर ओलं फडकं. रंग जुळणार नाही, हे आधीच मान्य करा. वर टाइल किंवा दगड येणार असेल तर प्रश्नच मिटला.

स्लॅबखाली मातीत उरलेल्या सळईचं काय, असं विचाराल. ती गंजेल, मातीतला भाग आधी गंजतो. काँक्रीटमधल्या भागाला सिमेंटचा क्षारधर्म, पीएच साडेबाराच्या आसपास, सांभाळून घेतो. वरचे ४० मिमी नीट भरले असतील तर ओल आणि हवा तिथवर सहज पोचत नाही.

एका जागी मात्र कापून चालणार नाही. पाचांपैकी एखादी खुंटी डेक आणि पुलाचं कोपिंग (पुलाच्या काठावरची कड) यांच्यामधल्या सांध्यात असेल तर ती पूर्णच काढायला हवी. तो सांधा मोकळा हलला पाहिजे, त्यात पुढे पॉलिसल्फाइड सीलंट भरायचं असतं. सळई मध्ये राहिली तर ऊन-थंडीने डेक सरकताना त्याचा धक्का कोपिंगच्या टाइलला बसतो. अशा खुंटीसाठी कोअर कटिंगवाल्याला बोलवा. सळई वरच्या पातळीत कापून घ्यायची, तिच्याभोवती ५० ते ७५ मिमी व्यासाचा कोअर आरपार घ्यायचा, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल सळईसकट स्लॅबपासून सुटा होतो. मग फॅब्रिकेटरकडून टोकाला जाड नट वेल्ड करून, त्यात आडवा रॉड घालून दोन्ही बाजूंना ट्रकवाल्याचे बाटलीसारखे जॅक. कोपिंगवर भार येऊ देऊ नका, जॅकखाली जाड फळी डेकवर ठेवा. आता लढत फक्त मातीशी असल्याने हळूहळू दांडा मारत गेलात की येते. कोअर घ्यायच्या आधी कोपिंगमागची बीम नेमकी कुठे आहे ते ड्रॉइंगवर पाहून घ्या, कोअर तिच्यात घुसता कामा नये.

उडालेल्या टवक्याचं दहा दिवसांनी बघा. खोली बोटाच्या पेराएवढी असेल तर कडा चौकोनी कापून त्याच पॉलिमर मोर्टारने भरता येईल. आत्ताच कोणी लिंपून देतो म्हणाला तर नको म्हणा, कच्च्या कडेवर लिंपण धरत नाही.

राहिली चौथी बाजू. खुंट्या फळीच्या बाहेरच ठोकून घ्या. चार फुटांच्या डेकला आत खुंटी लागतच नाही, आतल्या बाजूला पुलाची बीम असते. तुमच्या सेंट्रिंगवाल्याने लेव्हलची दोरी बांधायला म्हणून मध्ये ठोकल्या असतील. लेव्हलसाठी हव्याच असतील तर माल ओतून रंधा फिरला, की पृष्ठभाग आपला आकार धरतो तेवढ्यात उपसायच्या, आणि भोकात ताजा माल कांडून भरायचा. एप्रिल-मेच्या उन्हात ही वेळ फार लवकर येते, म्हणून एक गडी फक्त त्या कामावर ठेवा. बाहेरच्या खुंट्यांना जुन्या पीव्हीसी पायपाचे तुकडे घाला, फळीच्या वरपासून जमिनीखाली दोन इंचांपर्यंत, आणि फळीखालची फट मुरुमाने चेपून बंद करा. सेंट्रिंगवाल्याला पैशांचा शेवटचा हप्ता शेवटची खुंटी निघाल्यावरच द्या.